केसांना नीळ द्यावी का?

वाचकांचे प्रश्न, पार्लरवाल्या ताईची उत्तरं

मागच्या अंकात कलप सोडून पांढरे केस मिरवणाऱ्या बायकांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात पत्रं आणि मेसेज सगळे पिवळ्या केसांचेच. त्यातले सहा घेतलेत. पहिलं उत्तर लांबलंय कारण बाकीच्या निम्म्या पत्रांचं उत्तर त्यातच आहे, तेव्हा ते सोडून पुढं उडी मारू नका.

ताई, मी ६१ वर्षांची, नाशिकला असते. दोन वर्षांपूर्वी कलप बंद केला. केस आता पूर्ण पांढरे आहेत, पण पांढरे कुठले, पुढच्या बटा आणि शेंडे जुन्या वर्तमानपत्रासारखे पिवळट दिसतात. मुलगी अमेरिकेत आहे, तिनं येताना जांभळा शाम्पू आणला, म्हणते आई आठवड्यातून एकदा लाव, पिवळे होणारच नाहीत. बाटली उघडली तर आत शाई! खरंच यानं केस पिवळे व्हायचे थांबतात का? आणि जांभळे झाले तर भिशीतल्या बायका मला सोडणार नाहीत.

काकू, आधी सरळ उत्तर देते, मग पाल्हाळ लावते. पिवळं व्हायचं थांबत नाही, झालेलं पिवळं झाकलं जातं. मुलीनं प्रेमानं आणलंय, खुशाल वापरा, वस्तू चांगली आहे, पण "होणारच नाहीत" हे त्या बाटलीचं कामच नाही.

तुम्ही आयुष्यभर कपड्यांना नीळ दिलीच असेल की. आमच्याकडे आजोबांची धोतरं धुऊन झाली की आई शेवटच्या बादलीत निळीची पुरचुंडी फिरवायची, पाणी ओंजळीत घेऊन बघायची किती निळं दिसतंय, आणि मग धोतर बुडवायची. नीळ मळ काढायची का? मळ साबणानं निघायचा, पण त्यानंतरही सुती कापडाला जी पिवळट झाक राहायची ती निळीमुळं दिसेनाशी व्हायची. अंदाज चुकला की आजोबा आकाशी धोतरात देवळात! जांभळा शाम्पू म्हणजे डोक्याची नीळ, फक्त रंग जांभळ्याकडं झुकवलेला कारण पिवळ्याच्या बरोब्बर विरुद्ध रंग जांभळा. पिवळा केस उजेडातला निळा भाग गिळतो, त्यावर बसलेला जांभळा रंग पिवळा भाग गिळतो, दोन्ही मिळून हिशोब सारखा झाला की डोळ्याला केस पांढरट-रुपेरी दिसतात. म्हणजे खरं सांगायचं तर केस आधीपेक्षा कणभर गडद झालेले असतात, उजळ झालेले नसतात, पण पिवळी छटा गेली की आपल्याला ते स्वच्छ वाटतात.

बाटलीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा, बहुतेक वेळा एक्स्टर्नल व्हायोलेट २ नाहीतर अ‍ॅसिड व्हायोलेट ४३ असं काहीतरी दिसेल, किंवा नुसता सीआय ६०७३० हा आकडा, तिन्ही एकाच रंगाची नावं. हा रंग कलपासारखा केसाच्या आत जाऊन पक्का होत नाही, वरवर बसतो आणि पुढच्या तीनचार धुण्यांत निघून जातो. त्यामुळं तुमची जांभळं होण्याची भीती अगदीच खोटी नाही पण कायमचं काही होत नाही एवढं नक्की.

आणि भीती घालवायचा एक बिनखर्चाचा उपाय आहे. उद्या विंचरताना कंगव्यात येईल ते गुंतवळ फेकू नका. ते साबणानं धुऊन घ्या, वाटीत चमचाभर शाम्पू आणि थोडं पाणी घ्या, गुंतवळ त्यात टाकून दोन मिनिटांनी अर्धं काढा, पाच मिनिटांनी उरलेलं अर्धं. दोन्ही धुऊन पांढऱ्या कागदावर वाळवा आणि खिडकीशी नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली नको. मी पार्लरमध्ये नवीन बाटली उघडली की अजूनही हेच करते, कारण एका कंपनीचा शाम्पू पाण्यासारखा फिका असतो आणि दुसरीचा असा की नखं दोन दिवस वांग्यासारखी. तुमचं दोन मिनिटांचं गुंतवळ छान दिसलं तर तुमचा वेळ दोन मिनिटं, मुलीनं व्हिडिओत काहीही बघितलेलं असू दे.

लावायची रीत अशी. आधी साध्या शाम्पूनं तेल, घाम सगळं काढा, तेलकट केसावर रंग धड बसत नाही आणि ठिपके पडतात. मग केस ओले पण निथळलेले असताना हातात प्लास्टिकचे मोजे घालून जांभळा लावा, सुरुवात जिथं जास्त पिवळं आहे तिथून, तुमच्या बाबतीत पुढच्या बटा. शेंडे सगळ्यात शेवटी, कारण शेंड्याचा केस जुना, खवले उघडलेला, तो रंग अधाशासारखा ओढतो. वेळ झाली की पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि कंडिशनर लावाच, हे शाम्पू केस राठ करतात. आठवड्यातून एकदा पुरे, खरं तर पंधरा दिवसांतून एकदाही चालेल. पांढरा टॉवेल घेऊ नका, आणि बाथरूमच्या फरशीवर पडलेलं लगेच पाण्यानं सारा, फटीतलं सिमेंट रंग धरतं मग घासत बसा.

आता माझ्या आवडीचा भाग. झाकलं ठीक आहे, पण पिवळं येतंय कुठून?

मुळात पांढरा केस दुधासारखा पांढरा नसतोच. त्यातलं रंगद्रव्य संपलेलं असतं आणि उरतं ते केराटिन नावाचं प्रथिन, त्याची स्वतःची अगदी पुसट पिवळसर झाक असते. काळ्या केसात ती कळत नाही. लोकर पण केराटिनचीच, आणि पांढरा लोकरी स्वेटर उन्हात वाळवून वाळवून कसा पिवळा पडतो ते तुम्ही बघितलंय. केसाचं तेच होतं, ऊन त्या प्रथिनाचीच मोडतोड करतं आणि पिवळे तुकडे मागं राहतात. तुमच्या पुढच्या बटा पिवळ्या आहेत म्हणताय ना, तर सकाळी उन्हात फिरायला जाता का, डोक्यावर काही घेता का हे आधी बघा. पदर, स्कार्फ, टोपी, काहीही, पण घ्या.

शेंड्यांचं कारण बहुतेक वेगळंच आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, दोन वर्षं म्हणजे वीतभर आणि वर दोन बोटं. आरशासमोर मुळापासून वीत लावून बघा. वीत संपते त्याच्या खालीच पिवळं-तपकिरी सुरू होत असेल तर तो जुना कलप आहे, फिका पडलेला. त्याला जांभळा शाम्पू लावून लावून बाटली संपेल, तो काही रुपेरी होणार नाही. तिथं औषध एकच, कात्री.

तिसरं पाणी. बादलीच्या आतल्या काठाला तांबूस कड येते का, गिझर उघडला तेव्हा कॉइलवर पांढरा दगडासारखा थर होता का? बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात कॅल्शियम, लोह असतं, लोह आणि तांबं केसाला चिकटून बसतात आणि पांढऱ्या केसावर ते पिवळट, तांबूस दिसतं. याला चिलेटिंग शाम्पू मिळतो, ईडीटीएसारखे घटक असतात त्यात, ते धातू धरून बाहेर काढतात. महिन्यातून एकदा, त्याहून जास्त नको. ईडीटीए हा शब्द साध्या शाम्पूवरही दिसेल, तिथं तो चिमूटभर असतो शाम्पू टिकावा म्हणून, त्यावर फसू नका, बाटलीवर चिलेटिंग किंवा हार्ड वॉटर असं मोठ्या अक्षरात असेल तोच घ्या. आणि घरात आरओ असेल तर शेवटचे दोन तांबे त्या पाण्याचे ओता, शेवटच्या पाण्यातलंच केसावर वाळतं.

बाकी तेल. खोबरेल स्वच्छ असतं पण ते हिरवं-पिवळं आवळा तेल, मोहरीचं तेल, किंवा घरी जास्वंद-माका उकळून केलेलं काळपट तेल, हे काळ्या केसांसाठी आहे हो. उशीचा अभ्रा बघा, तो पिवळा पडत असेल तर केसही त्याच तेलानं पडतायत. आणि स्ट्रेटनर वापरत असाल तर तापमान कमी करा, पांढरा केस पापडासारखा भाजतो, आणि भाजलेलं पिवळं कुठल्याच शाम्पूनं जात नाही.

एवढं सगळं बघून मग जांभळा लावा. भिशीत कुणी काही बोललं तर सांगा, इंग्लंड-अमेरिकेतल्या आज्या गेल्या शतकात पांढऱ्या केसांना मुद्दाम निळा हात द्यायच्या, ब्लू रिन्स म्हणायचे त्याला, आणि काहींचा इतका गडद व्हायचा की लांबून निळ्या आज्या ओळखू यायच्या.

ताई, आम्ही पंढरपूरला असतो. मी सासूबाईंना जांभळ्या शाम्पूबद्दल सांगितलं तर त्या म्हणाल्या एवढा महाग शाम्पू कशाला, उजालाचे चार थेंब मगभर पाण्यात टाक आणि डोक्यावर ओत, तेच आहे. आता त्या खरंच करून बघणार आहेत. चालेल का?

अगं, सासूबाईंना माझा नमस्कार सांग. डोकं एकदम बरोबर चाललंय त्यांचं, तत्त्व तेच आहे, मी वर दोन परिच्छेद खर्च केले ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. पण थांबव त्यांना.

कपड्याची नीळ कापडासाठी बनवलेली असते, डोक्याच्या कातड्याला किंवा डोळ्यात गेली तर काय, याचा विचार करून नाही. मगभर पाणी ओतलं की ते कपाळावरून डोळ्यात येणारच. दुसरं म्हणजे शाम्पूत तो रंग साबणात मुरलेला असतो, हळूहळू बसतो आणि हात फिरवून सारखा करता येतो. पाण्यातला थेंब जिथं आधी पडेल तिथं निळा पट्टा आणि शेजारी कोरडं. धोतर कसं, अख्खं बादलीत बुडवून हलवता येतं, डोकं तसं बुडवणार आहात का?

असाच अजून एक उद्योग लोक करतात, लहानपणी तोंड आलं की लावायचे ते जांभळं औषध, जेन्शन व्हायोलेट, ते थेंबभर कंडिशनरमध्ये घालतात. ते पण नको. कॅनडाच्या आरोग्य खात्यानं २०१९ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता, कॅन्सरचा धोका असू शकतो म्हणून वापरू नका असा.

महागाईचं म्हणशील तर आखूड केसांना एका वेळी दोन चमचे, म्हणजे १० मिली पुरतो. आठवड्याला एकदा धरलं तरी २५० मिलीची बाटली सहा महिने जाते. सासूबाईंना हा हिशोब सांग, पटेल. आणि आणखी एक गंमत सांग त्यांना, रासायनिक पद्धतीनं बनवलेल्या रंगांत पहिला नाव कमावणारा रंगही जांभळाच होता. १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा पोरगा लंडनमध्ये मलेरियावरचं क्विनीन बनवायला बसला आणि भांड्यात उरला काळा गाळ, तो धुताना जांभळा रंग निघाला, त्यावर त्यानं कारखाना काढला. स्वयंपाक बिघडला आणि हॉटेल चाललं म्हणतात तसं.

हाय ताई! मी कोल्हापूरची, कॉलेजला आहे. बर्थडेला ॲश ब्लाँड (राखाडी-सोनेरी) हायलाइट्स केले, फोटोत जे दाखवलं होतं तसे दोनच आठवडे राहिले, आता गाजरासारखे दिसतायत. पार्लरवाली म्हणाली पर्पल शाम्पू लाव, मी महिनाभर रोज लावतेय, काही फरक नाही उलट केस झाडू झालेत. आधी दोनतीनदा काळी मेंदी लावली होती ते तिला सांगायचं राहिलं. काय करू???

रोज?! आधी तो शाम्पू बंद कर बाई.

तुझं दुखणं पिवळं नाही, नारिंगी आहे, आणि नारिंगीला जांभळा चालत नाही, त्याला निळा लागतो. पिवळ्यासमोर जांभळा, नारिंगीसमोर निळा, लालसमोर हिरवा, एवढं पाठ करून ठेव. निळा शाम्पू वेगळा मिळतो, ब्राउन केसांसाठी म्हणून बाटलीवर लिहिलेलं असतं.

पण निळा आणायला पळू नकोस, आधी झालं काय ते समज. आपले केस काळे, सलॉनच्या भाषेत लेव्हल १ ते ३, १ म्हणजे सगळ्यात काळे. ब्लीचची पावडर आणि डेव्हलपर, म्हणजे पेरॉक्साइडचं द्रावण, लावला की काळं एकदम पांढरं होत नाही, पायऱ्या पायऱ्यांनी चढतं, आधी लालसर तपकिरी, मग लालनारिंगी, मग नारिंगी, मग सोनेरी पिवळं, आणि सगळ्यात शेवटी फिकट पिवळं, केळ्याच्या सालीची आतली बाजू असते ना तसं. ॲश ब्लाँड करायचं तर त्या केळ्याच्या सालीपर्यंत पोचावं लागतं आणि मग त्यावर टोनर, म्हणजे नको ती छटा झाकणारा हलका रंग. तुझे केस मधेच नारिंगीच्या पायरीवर थांबले असणार, वरून राखाडी टोनर मारला म्हणून दोन आठवडे फोटोसारखं दिसलं, टोनर धुऊन गेला आणि खालचं गाजर वर आलं. टोनर कुणाचाच कायमचा नसतो, बरा लागला तर चार ते सहा आठवडे, आणि तू तर रोज डोकं धुऊन त्याला हाकलूनच दिलंस.

आणि काळी मेंदी सांगायची राहिली हे मात्र वाईट झालं. त्या पुड्यांत बहुतेक वेळा पीपीडी नावाच्या रसायनाचा कलप असतो, नुसती मेंदी नाही, आणि कलपावर ब्लीच नीट चढत नाही, तिथं लाल-नारिंगी अडकून बसतं. काही पुड्यांत धातूचे क्षार असतात, त्यावर पेरॉक्साइड पडलं की केस गरम होतात, तुटतात सुद्धा. पार्लरवालीनं विचारायला हवं होतं, माझ्याकडे कुणी हायलाइट्सला आलं की मी पहिला प्रश्न तोच विचारते, आणि तरी दहातल्या दोघी "नाही" म्हणून खोटं बोलतात, मग मी एक बट कानामागची घेऊन करून बघते.

आता काय करायचं. महिनाभर काहीच नाही, म्हणजे ब्लीच नाही, स्ट्रेटनर नाही. आठवड्यातून दोनदाच धुवायचं, साधा सौम्य शाम्पू, भरपूर कंडिशनर, धुण्याआधी तासभर खोबरेल. केस जरा वळणावर आले की मग दोन रस्ते. एक, त्या गाजरावर निळा शाम्पू आठवड्यातून एकदा, त्यानं ते ॲश नाही होणार पण कॅरॅमलसारखं तपकिरी-सोनेरी दिसेल, आणि खरं सांगू, आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगाला तेच जास्त शोभतं, ॲशनं चेहरा आजारी दिसतो असं माझं आपलं मत. दुसरा, चांगल्या रंगकाम जाणणाऱ्या माणसाकडं जाऊन पुन्हा उजळवणं, पण तिथं गेल्यावर डेव्हलपर कोणता वापरणार ते विचार. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ४० म्हणजे १२ टक्के. एका बैठकीत सगळं करून देते आणि ४० व्हॉल्यूम लावते असं कुणी म्हणालं तर पर्स उचल आणि घरी ये. दोनतीन बैठका घेणारी महाग पडते पण केस डोक्यावर ठेवते.

एकदा का ते केळ्याच्या सालीएवढं पिवळं झालं आणि टोनर लागला, की मग तुझा जांभळा शाम्पू उपयोगाचा. तेव्हा आठवड्यातून एकदा, तीन मिनिटं. टोनरचं आयुष्य वाढवायला तो छान आहे.

नमस्कार, चिंचवडहून लिहितेय. मागच्या आठवड्यात मुलीच्या हळदीत नातेवाइकांनी उत्साहात माझ्याही डोक्याला हळद फासली. माझे केस पांढरे. घाईघाईत अंगाचा साबण लावला तर हळद लालच झाली! लग्नाच्या फोटोत मी भगवी दिसतेय. आता रिसेप्शनचे फोटो झाले, पण केस अजून पिवळे आहेत. जांभळा शाम्पू लावू का?

विहीणबाईंनी फासली की घरच्यांनी ते नाही लिहिलंत!

साबणानं लाल होणं ठरलेलंच. हळदीतला करक्युमिन क्षार लागला की लाल होतो, कपड्यावर वरणाचा डाग पडला आणि वडीचा साबण लावला की कसा लालभडक होतो, तेच. पाण्यानं खळाळून धुतलं की पुन्हा पिवळा. घाबरायचं कारण नव्हतं पण लग्नघरात कोण थांबून विचार करतंय.

हळदीच्या पिवळ्याला जांभळा शाम्पू लावायची गरज नाही. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून नुसतं पाणी ओतून जात नाही. खोबरेल कोमट करून केसाला चोपडा, अर्धा तास ठेवा, जुन्या फडक्यानं पुसून घ्या, फडकं पिवळं होईल, मग शाम्पू दोनदा. राहिलंच थोडं तर सकाळच्या कोवळ्या उन्हात गॅलरीत अर्धा तास बसा, हळदीचा रंग उजेडात उडतो, वरणाचा डाग उन्हात घातला की जातो ना. एरवी मी पांढऱ्या केसांना ऊन टाळा म्हणते, पण या कामापुरती सूट.

पुढच्या मुलीच्या हळदीला डोक्यावर टॉवेल गुंडाळून बसा.

ताई अर्जंट! मी डोंबिवलीची, माझे केस ब्लीच केलेले ब्लाँड आहेत, पर्पल शाम्पू लावून फोनवर बोलत बसले, अर्धा तास झाला, शेंडे लव्हेंडर झाले. रविवारी नणंदेचं रिसेप्शन आहे.

हे उत्तर छापून तुझ्या हातात पडेपर्यंत नणंद हनिमूनहून परत आली असेल. पण पुढच्या वेळेसाठी आणि तुझ्यासारख्या बाकीच्यांसाठी सांगते.

कोंड्याचा कुठलाही कडक शाम्पू घे, कंडिशनर वाला नाही. कोमटपेक्षा जरा गरम पाणी, शेंड्यांना फेस करून पाच मिनिटं ठेव, धू, पुन्हा कर. रंग वरवरचाच आहे, दोनतीन धुण्यांत बराचसा उतरतो. तेवढ्यानं गेला नाही तर शेंड्यांचा अंबाडा घाल आणि वर गजरा, शेंडे दिसायचा प्रश्नच नाही. काहीही झालं तरी लव्हेंडर घालवायला परत ब्लीच मारू नकोस, त्या शेंड्यात आता जीव राहिलेला नाही, म्हणूनच तर त्यांनी एवढा रंग ओढला.

आणि वेळ लावताना फोनवर टायमर लाव, फोन कानाला लावू नकोस.

मी सैन्यातून रिटायर झालेला, सातारा जिल्हा. डोक्यावर केस थोडे, पण मिशी झुपकेदार, पांढरीशुभ्र. शुभ्र म्हणजे कडेला. मधोमध नाकाखाली पिवळी धमक झालीय. नातीनं तुमचं पान वाचून दाखवलं. जांभळा शाम्पू मिशीला चालतो का? बिडी दिवसाला पाचसहाच.

साहेब, कारण तुम्हीच शेवटच्या तीन शब्दांत लिहून टाकलंय.

धुरातलं डांबर आहे ते. ज्या बोटांत बिडी धरता ती बोटं बघा, तोच रंग असेल. नाकातून धूर सोडत असाल तर तो आधी मिशीच्या मधोमधच पोचतो, म्हणून कडा शुभ्र. जांभळा शाम्पू चालतो, बोटावर वाटाण्याएवढा घ्या, मिशीवर चोळा, ओठ मिटून ठेवा म्हणजे तोंडात जाणार नाही, एका मिनिटात धुवा. आधी साध्या शाम्पूनं दोनदा मिशी धुतलीत तर डांबराचा वरचा थर निघेल आणि मग जांभळं नीट बसेल, डांबरावर थेट लावलंत तर मळकट करडं दिसतं. पण सकाळी लावलंत आणि संध्याकाळपर्यंत सहा बिड्या ओढल्यात तर दुसऱ्या दिवशी आरशात तेच. बिडी सोडलीत तरी आत्ता पिवळी झालेली मिशी पिवळीच राहील, नवीन केस पांढरा येईल, तो येईपर्यंत थोडी थोडी छाटत राहा, मिशी आखूड असते म्हणून दोनतीन महिन्यांत अख्खी नवी होते.

आणि नातीला विचारा, तुम्ही चहा कपाला मिशी बुडवून पिता का. बुडवत असाल तर बशीत ओतून प्या.